हात वर आहे

मुलीला दुखतंय हे कळायलाच आईला कितीतरी दिवस लागले, आणि त्यातले निम्मे तर कानाच्या डॉक्टरांकडे खेटे घालण्यात गेले.

झालं होतं असं, की एका सकाळी मुलगी उठली आणि म्हणाली, "डावीकडे गोंगाट आहे." दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आईने खिडक्या लावून पाहिल्या, शेजारच्यांना टीव्ही हळू करायला सांगितलं. मग वाटलं कानच असणार. कानाच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं, मुलीने दोन्ही मुठी आवळून पाहू दिलं, आणि डॉक्टर म्हणाले, कान स्वच्छ आहे, अगदी माझ्या कानापेक्षा स्वच्छ. आई हसली आणि निश्चिंत होऊन घरी आली. मुलगी मात्र येता-जाता फ्रीजच्या पत्र्याला गाल लावून उभी राहू लागली. पावाच्या कडा ताटातच राहू लागल्या. एका संध्याकाळी तिने स्वतःच्या गालावर मूठ मारून घेतली, तेव्हा आईच्या तोंडून आपसूक निघालं, "अगं, हा गोंगाट येतो तरी कुठून?"

मुलीने तोंडात बोट घातलं आणि अगदी मागच्या दाढेवर ठेवलं. "इथून."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"तू कुठून ते विचारलं नव्हतंस."

हे उर्मट उत्तर नव्हतं. विचारलेल्या प्रश्नाला दिलेलं ते सरळ उत्तर होतं, आणि सतरा वर्षांत आई एवढं तरी शिकली होती. मुलीला ऑटिझम आहे हे ती तीन वर्षांची असतानाच कळलं होतं. तेव्हापासून त्या विषयावर आईने पुष्कळ वाचलं, पुष्कळांचं ऐकलं, आणि शेवटी स्वतःपुरतं ते असं मांडून ठेवलं: आपल्याला जग एकेक करून भेटतं, हिला ते एकदम अंगावर येतं. ट्यूबलाईटची गुणगुण, सदऱ्याची शिवण, फोडणीचा वास, कुणीतरी आपल्याशी बोलतंय ते, सगळं एकाच आवाजात. त्यातून हिला उसंत मिळते ती एकाच गोष्टीने, पुढे काय येणार हे माहीत असलं की. म्हणून त्या घरात कुठलीही गोष्ट आधी सांगून मगच व्हायची. दिवा लावायचा तरी "लावते हं" म्हणून.

घरात माणसं दोनच, आई आणि मुलगी. वडील मुलगी रांगत होती तेव्हाच वारले. खालच्या मजल्यावर आईचा धाकटा भाऊ राहायचा. तो नाटकाच्या थिएटरात सुतार होता. रंगमंचावरच्या खोट्या भिंती, खोटी दारं, खोटे जिने ठोकायचं त्याचं काम. घरभर तपासणी करत हिंडणाऱ्या, खुर्ची इंचभर सरकली तरी ती जागेवर नेऊन ठेवणाऱ्या भाचीला त्याने लहानपणीच 'साहेब' करून टाकलं होतं.

"काय साहेब, आज आमच्यात काही खोट?"

"चपला आडव्या आहेत."

"सरळ करतो. नोकरी तेवढी राहू द्या."

तर दाढ. आणि दातांच्या दवाखान्याचं या घराशी जुनं वैर होतं. मुलगी लहान असताना एका दवाखान्यात दोघांनी तिचे हात धरले होते, तिसऱ्याने डोकं, आणि डॉक्टर एकसारखे म्हणत होते, "झालं बाळा, झालं, झालं." काहीही झालेलं नव्हतं. पुढे बराच वेळ काहीही झालं नाही. त्या दिवसापासून घरात 'झालं, झालं' असं दोनदा म्हणायची सोय राहिली नव्हती. स्वयंपाक झाला असं एकदा म्हटलेलं चाले.

आईने चौकशा करून दुसऱ्या डॉक्टर बाई शोधल्या. त्या वयाने लहान होत्या आणि ऐकून घेणाऱ्या होत्या. पहिल्या भेटीत त्या मुलीशी दवाखान्याच्या बाहेर, पायऱ्यांवर बसून बोलल्या. दुसऱ्या भेटीत दारात. तिसऱ्या भेटीत मुलगी आतल्या स्टुलावर बसली आणि तिने स्वतःच तोंड उघडलं. बाईंनी हात न लावता बॅटरीच्या उजेडात पाहिलं आणि मग आईला बाजूला घेतलं.

"ताई, दाढ गेलेली आहे. मुळाशी पू धरलाय. मी गोळ्या देते, त्याने थोडे दिवस दबेल. पण काढावी लागणार. पू हाडात उतरला तर चेहरा सुजेल, ताप चढेल, मग तुम्हाला तिला उचलून न्यावं लागेल. तशी वेळ येऊ द्यायची नाही आपल्याला."

"झोपवून काढता येते म्हणतात."

"मोठ्या हॉस्पिटलात. पण तिथली रांग फार मोठी आहे. आपण इथे करून बघू. तुम्ही म्हणाल तसं करू."

तुम्ही म्हणाल तसं, असं आजवर आईला कुठल्याच डॉक्टरांनी म्हटलं नव्हतं. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करायची. नंबराच्या काचा फ्रेममध्ये बसतील अशा घासायच्या. कडेला केसभर जास्त राहिली तर काच बसत नाही, केसभर कमी झाली तर गळून पडते. दिवसभर तिचं असं केसाकेसाने चालायचं, आणि घरीही तिला वाटायचं, नीट मोजलं, सावकाश घासलं, की कुठलीही गोष्ट मुलीत बसवता येईल. नवी शाळा बसवली होती. केस कापणं बसवलं होतं. आता दाढ.

या घराची बसवायची पद्धत म्हणजे तालीम. ती अर्थात मामाने आणलेली. नाटकवाले जे करतात तेच करायचं, त्याचं म्हणणं असं. जे लोकांसमोर एकदा करायचंय ते आधी घरात इतक्या वेळा करायचं, की त्या दिवशी नवं काही उरताच कामा नये. बसचा नवा रस्ता असो की नवे बूट, आधी तालीम. आणि ती कामी यायची. म्हणून मामाने थिएटरच्या गोदामातून मागे कलणारी एक जुनी खुर्ची आणली, डोक्यावर टेबललॅम्प बांधला, थुंकी ओढणाऱ्या नळीच्या जागी व्हॅक्यूम क्लीनरची नळी बसवली. डॉक्टर बाईंनी हातमोजे, मास्क आणि तोंडात घालायचा छोटा आरसा दिला. मामा पांढरा शर्ट उलटा घालून डॉक्टर बाई झाला आणि आई झाली त्यांची मदतनीस.

"या या, बसा. मी डॉक्टर बाई," मामा बारीक आवाजात म्हणाला.

"त्या अशा बोलत नाहीत," मुलगी म्हणाली.

"मग कशा बोलतात?"

"साध्या. आणि त्यांना मिशा नाहीत."

"मास्कच्या आत आहेत साहेब, दिसणार नाहीत."

"मला माहीत आहे ना पण."

तेवढ्यासाठी मामाने मिशी काढली. आईला वाटलं गंमत करतोय, पण दुसऱ्या दिवशी तो खरंच गुळगुळीत ओठाने आला, आणि थिएटरातले लोक त्याला दिवसभर कसे चिडवत होते ते सांगत बसला. मुलीने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि खुर्चीत बसली. एवढा मान पुरे होता.

मग रोज संध्याकाळी तालीम. आधी दिवा. मग आरसा. मग सुई, म्हणजे हिरडीला दातकोरणीचं टोक. मग वाट पाहायची, त्यासाठी वाळूचं घड्याळ. मग दाब, दाढ ओढताना दुखत नाही पण दाब कळतो, असं बाईंनी सांगितलं होतं, म्हणून मामा अंगठ्याने दाढेवर जोर द्यायचा. मग कापसाचा बोळा दातांत धरून घरी. काहीएक सोडलं नव्हतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

एके दिवशी मधेच मुलीने विचारलं, "आणि मला नको झालं तर?"

मामाने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "मग डावा हात वर करायचा. हात वर झाला की थांबेल."

"काय थांबेल?"

"सगळं."

"लगेच?"

"लगेच. मी सांगते ना."

त्याचीही तालीम झाली. मुलीने हात वर केला की मामा असेल तसा गोठायचा. एकदा कमरेत वाकलेला, एकदा एका पायावर, एकदा तोंड उघडं टाकून. मुलगी हसली. आई कितीतरी महिन्यांनी ते हसू ऐकत होती. मुलीने हात खाली घेतला, वर केला, खाली घेतला, वर केला. मामा बिचारा चालू-बंद चालू-बंद होत राहिला. "साहेब, कंबर गेली माझी," तो म्हणाला, पण हात वर होता, म्हणून तो वाकलेलाच राहिला. बाकी सगळ्या तालमीत मुलगी निमूट बसायची. या एका भागात तिचा चेहरा उजळायचा. कुणीतरी जगाची किल्ली तिच्या हातात दिली होती. डॉक्टर बाईंनाही आईने ते सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, "हात वर, की मी मागे. शब्द माझा."

तो दिवस उजाडला. सकाळची पहिली वेळ, दवाखान्यात बाई आणि त्यांची मदतनीस, दुसरं कुणी नाही. रेडिओ बंद, बाहेरचे पडदे ओढलेले, बाईंनी अत्तर लावलेलं नव्हतं. मुलीने खुर्चीच्या हातांवर हात ठेवले. दिवा. आरसा. सुई टोचली तेव्हा तिच्या पायाची बोटं आवळली गेली, बस. ब्र काढला नाही. आई भिंतीला पाठ लावून उभी होती आणि तिला वाटत होतं, आत्ता रडले तर चालेल का, पण तेही आधी सांगितलेलं नव्हतं, म्हणून ती रडली नाही.

"छान. आता थोडं थांबायचं," बाई म्हणाल्या आणि वाळूचं घड्याळ उलटं केलं.

वाळू अर्धी उतरली असेल, मुलीने ओठाला बोट लावलं. मग पुन्हा लावलं. मग दोन्ही हातांनी चाचपलं.

"ओठ नाही," ती म्हणाली.

"आहे गं. बधिर झालाय फक्त. औषध काम करतंय."

"नाही आहे."

"हे बघ ना." बाईंनी चांगल्या मनाने आरसा पुढे केला.

मुलीने आरशात पाहिलं. आरशात ओठ होता. बोटाखाली नव्हता. आईने त्या क्षणी तिचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं, की आपण दिवा, सुई, नळी, मिशी सगळं बसवलं, पण स्वतःच्याच चेहऱ्याचा तुकडा स्वतःपासून निघून जातो याची तालीम आपण केलीच नाही. करणार तरी कशी? मामाच्या गोदामात ते नव्हतं.

मुलीने ओठ शोधायला तो चावला. लागलं नाही म्हणून आणखी जोरात चावला. हनुवटीवर रक्त आलं. आणि मग, शिकवलं होतं अगदी तसा, तिने डावा हात वर केला.

बाई ताबडतोब मागे सरल्या. मदतनीस मागे सरली. दिवा विझवला. सगळे जागच्या जागी गोठले. शब्द पाळला गेला.

"हात वर आहे," मुलगी म्हणाली.

"हो बाळ, आम्ही थांबलोय."

"हात वर आहे. थांबवा."

"आम्ही काहीच करत नाही आहोत, बघ."

"ओठ येत नाहीये. हात वर आहे. हात वर आहे. आई, हात वर आहे."

आई पुढे आली आणि मधेच थांबली, कारण अशा वेळी मुलीला हात लावला तर आग लागल्यासारखं होतं. काय सांगायचं? औषध आत गेलेलं आहे. ते रक्तात आहे. ते कुणाचं ऐकत नाही. तुझा हात दिसायला त्याला डोळे नाहीत. यातलं एकही वाक्य आई तोंडाबाहेर काढू शकली नाही. बाईंनी हळू आवाजात विचारलं, "आता बधिर झालंच आहे, दोन मिनिटांचं काम आहे, धरून..." आणि आईने त्यांच्याकडे पाहिल्यावर त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. त्यांना स्वतःलाही ते पुरं करायचं नव्हतं.

दाढ जागच्या जागीच राहिली.

घरी चालत यावं लागलं, कारण मुलगी कुठल्याही वाहनात बसेना. हात वरच होता. रस्त्यावर एक टॅक्सी त्यांच्याशेजारी येऊन थांबली. आईने नको म्हणून मान हलवली. ती गेली तर दुसरी थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "अहो, मग हात कशाला करता?" आई म्हणाली, "चुकून." पुढे चौकात आणखी एक थांबली. मुलगी कुणाकडेच पाहत नव्हती. दंड भरून आला तेव्हा तिने उजव्या हाताने डाव्याचं कोपर धरलं आणि तशीच चालत राहिली. आईला वाटलं, तिच्याऐवजी आपण हात वर करावा. पण त्याचा तरी काय उपयोग होता.

कपाट आणि भिंत यांच्यामध्ये एक अरुंद जागा होती, ती मुलीची. तिथे ती भिंतीला हात टेकवून बसली. वर. आई पाण्याचा पेला घेऊन समोर बसली आणि थोड्या वेळाने पेला घेऊन उठली.

दुपारी मामा आला. जिन्यातूनच त्याने आवाज दिला, "काय साहेब, पडली का विकेट?" आत येऊन पाहिलं आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. स्वयंपाकघरात बहिणीपाशी येऊन तो कुजबुजला, "ताई, ती हात खाली का घेत नाही?"

"मी सांगितलं होतं ना, हात वर केला की सगळं थांबतं."

"मग थांबलं नाही का?"

"माणसं थांबली."

 मामा ओट्याला टेकून उभा राहिला. मिशी नसलेल्या जागी बोट फिरवत म्हणाला, "मीच ते जास्त रंगवलं. एका पायावर काय, वाकून काय. नाटक केलं मी."

"तू नाटक केलंस. शब्द मी दिला." आईने नळ सोडला आणि बंद केला. "अरे, तालमीत ती किती शांत असायची, आठवतंय? आपण म्हणायचो, आज काय छान बसली. ती शांत नव्हती रे. त्या एका हातावर भिस्त ठेवून बसायची. तो आहे ना, मग बाकीचं सोसू."

 जाताना मामाने दारातल्या चपला सरळ केल्या.

ऊन उतरलं तेव्हा कपाटाआडून आवाज आला, "ओठाचा कोपरा आला." बऱ्याच वेळाने, "अर्धा आला." आणि मग हात खाली आला. कुणाच्या समजावण्याने नाही, कुणाच्या मायेने नाही. औषधाचा अंमल उतरला म्हणून. त्याबरोबर दाढेचा गोंगाटही परत आला.

त्यानंतर मुलगी तोंडात काही घालू देईना. गोळी नाही, घास नाही. पाणी तेवढं, तेही उजवीकडून. आईने गोळी कुटून दह्यात घालायचं मनात आणलं, आणि वाटी हातात घेऊन पाहिलं तर मुलगी तिच्याकडे बघत होती. तिने वाटी खाली ठेवली. डाव्या जबड्याखाली सूज दिसायला लागली. डॉक्टर बाईंनी स्वतः मोठ्या हॉस्पिटलात शब्द टाकला, आणि तिथे कुणाची तरी वेळ रद्द झाली होती ती यांना देऊ केली. परवा सकाळची. झोपवून काढायची. उद्या संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं.

"आता तिला काही सांगू नकोस," मामा फोनवर म्हणाला. "सरबतातून झोपेचं औषध देऊ, गाढ झोपली की मी उचलून नेतो. उठेल तेव्हा दाढ नसेल. संपला विषय."

"आणि ओठ नसला तर? घसा दुखला तर? वेगळ्याच खोलीत जाग आली तर?"

"ताई, मग करायचं काय?"

 दुसऱ्या दिवशी आई दुकानातून दुपारीच निघाली आणि घरी न जाता डॉक्टर बाईंकडे गेली. म्हणाली, "मला ते इंजेक्शन द्या. तिला दिलं तेच, त्याच जागी."

"ताई, उगाच कशाला सुई टोचायची? तिला तुमच्या दुखण्याने काय फायदा?"

"फायद्याचं नाही. तिला मी जे सांगितलं ते मला स्वतःला माहीतच नव्हतं."

बाईंनी तिला खुर्चीत बसवलं, तोंड पाहिलं आणि जरा हसल्या. "निमित्त शोधायला नको. तुमचीही खालची एक दाढ किडली आहे, भरायला झाली. कधीपासून अंगावर काढताय?"

दाढ भरून आई बाहेर पडली तेव्हा अर्धा चेहरा तिचा नव्हता. हे असं असतं होय, तिला वाटलं. ओठ जाड झाल्यासारखा वाटतो म्हणतात, पण जाड नव्हे, तिथे काहीच नाही, आणि त्या काहीच नसण्याला वजन आहे. नळावर पाणी प्यायली तर ते छातीवर सांडलं. तिने गाल आतून चावला आणि ते रक्ताची चव आल्यावरच कळलं. घरापर्यंतच्या वाटेवर तिचा हात सारखा तोंडाकडे जात होता. आणि तिला तर माहीत होतं की हे जाणार. आयुष्यभर तिचा ओठ आपल्या जागेवर नीट बसलेला होता, सदऱ्याच्या शिवणीने तिला कधी छळलं नव्हतं. तरीही तिला धावत सुटावंसं वाटलं.

मुलगी कपाटाआड होती. आई समोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "माझा ओठ गेलाय." शब्द घरंगळल्यासारखे वेडेवाकडे बाहेर पडले.

मुलगी पुढे सरकली. तिने बोट आईच्या ओठावर ठेवलं. "हे कळतंय?"

"नाही."

नख रुतवलं. "हे?"

"नाही."

"भीती वाटते?"

नाही म्हणायचं आईच्या अगदी तोंडात आलं होतं. "वाटते," ती म्हणाली.

"हात वर करून थांबतं?"

"नाही थांबत. मी तुला चुकीचं सांगितलं. माणसं थांबतात, औषध थांबत नाही. ते आधी सांगायला हवं होतं."

"हो," मुलगी म्हणाली. त्यात राग नव्हता. हिशेब बरोबर लागला की माणूस म्हणतो तसं ते 'हो' होतं. ती आईच्या शेजारी, हातभर अंतर ठेवून बसली. सुजलेला गाल तिने तळव्यात धरला होता आणि श्वास गरम येत होता, तो आईला हातभर अंतरावरूनही जाणवत होता.

मग आईने हॉस्पिटलचं सांगितलं. जे माहीत होतं ते सगळं. हाताला सुई लावतील. त्यातून औषध जाईल. मग नुसता ओठ नाही, सगळंच जाईल, आणि तुला कळणार नाही.

"किती वेळ?"

"नक्की माहीत नाही."

"हात वर करता येईल?"

"नाही. झोपेत नाही करता येत."

"कोणी धरेल?"

"कदाचित. झोप येईपर्यंत धरतील. मी नको म्हणून सांगेन. ऐकतील की नाही, माहीत नाही."

"तू असशील?"

"दारापर्यंत. पुढे येऊ देत नाहीत."

मुलीने सगळं ऐकून घेतलं. आई इतकं खरं तिच्याशी आजवर कधी बोलली नव्हती, आणि तिच्या मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात, खोटं कशाला बोला, अशी आशा होती की खऱ्याने तरी काम होईल.

"मग नको," मुलगी म्हणाली.

आईने तोंड उघडलं. काही होत नाही, म्हणणार होती ती. जगातली सगळी माणसं सगळ्या मुलांना जे सांगतात ते. पण काय होतं ते आत्ता तिच्या तोंडात होतं. हनुवटीवरून लाळेची धार ओघळली आणि ती तिला कळलीही नाही; मुलीने बोट दाखवलं तेव्हा तिने पदराने पुसली.

फोन वाजला. हॉस्पिटलातला माणूस होता, घाईत होता. "उद्याची सकाळ. ठेवायची का वेळ? मागे रांग आहे बाई."

आईने मुलीकडे पाहिलं. मुलगी मान हलवत होती. नको. डाव्या बाजूची कातडी ताणून चकचकीत झाली होती, आणि डोळ्यांत ताप होता.

"हो की नाही, बाई?"

"हो," आई म्हणाली. त्याला नीट ऐकू आलं नाही, म्हणून तिला ते पुन्हा म्हणावं लागलं. "हो. ठेवा."

फोन ठेवून ती मुलीकडे वळली. "मी हो म्हटलं. तू नको म्हणते आहेस, तरी मी हो म्हटलं. दाढ नाही काढली तर तू मरशील, म्हणून."

"ऐकलं मी," मुलगी म्हणाली.

ती उठली नाही, ओरडली नाही, हात वर केला नाही. फक्त सरकत सरकत कपाटाआड गेली, आणखी आत, जिथे आईचा हात पोचत नव्हता, आणि तिने भिंतीकडे तोंड केलं. आई तिथेच बसून राहिली. उद्या कुठल्या गाडीने जायचं, कुणी पुढे चालायचं, कोणते कपडे, हे सगळं आधी सांगायला हवं होतं, आत्ता लगेच सांगायला हवं होतं. पण ती पाठ पाहून तिची जीभ उचलेना, आणि ओठ अजून आला नव्हता.